मॉर्मन म्हणजे घरात चार-पाच बायका? नाही हो!
मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, म्हटलं की पहिला प्रश्न, बायका किती? अहो, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीवाल्या त्यांच्या मुख्य चर्चने एकापेक्षा जास्त बायका करणं बंद करायची घोषणा १८९० मध्येच केली, तेव्हा अध्यक्ष होते विल्फर्ड वुडरफ, आणि १९०४ पासून तर अजून कडक, आज पहिली बायको असताना कोणी दुसरी केली तर चर्चमधून थेट हकालपट्टी. टीव्हीवर अनेक बायकांवाले दिसतात ते या चर्चमधून फुटून निघालेले छोटे गट. बाकी मुख्य चर्चवाल्यांचं घर म्हणजे सनसनाटी काहीच नाही, सोमवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसून प्रार्थना, गाणी, खेळ, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी साधारण दोन वेळचं जेवण सोडायचं नि तेवढे पैसे गरजूंसाठी द्यायचे. बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, तोसुद्धा बिनपगारी, स्वतःची नोकरी सांभाळून लोकांचं बघतो.