तालमूद इंग्रजीत आला कसा?

ज्यूंचे जुने धर्मग्रंथ इंग्रजीत वाचायचे तर तनाख, म्हणजे त्यांचं बायबल, पटकन मिळतं, ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचं 1917 चं भाषांतर तर कॉपीराइटमधून कधीच सुटलंय. खरी शोधाशोध तालमूदची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांच्या जुन्या, प्रचंड ग्रंथाची.

त्यातला संदर्भ शोधणं सोपं झालं ते व्हेनिसमुळे. तिथे डॅनियल बोम्बर्ग या ख्रिश्चन माणसाने 1520 ते 1523 मध्ये अख्खा बॅबिलोनियन तालमूद (तालमूद दोन आहेत, त्यातला जास्त वापरला जाणारा) छापला, मधे मूळ मजकूर, एका बाजूला रशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, दुसऱ्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पंडितांची टिपणं, आणि पानांचे त्याने ठरवलेले नंबर आजही चालतात. म्हणजे कुठे 'बेराखोत 2अ' (बेराखोत हा तालमूदचा एक भाग, अ म्हणजे पानाची पुढची बाजू) लिहिलेलं दिसलं की ते त्या भागाचं पहिलंच पान (मोजणी 2 पासूनच सुरू होते!), संध्याकाळची शेमा प्रार्थना कधीपासून म्हणायची ही चर्चा, मग आवृत्ती कुठलीही घ्या.

इंग्रजीत पहिला मोठा प्रयत्न रॉडकिन्सनचा, न्यूयॉर्कला, 1896 पासून, पण त्यात इतकी काटछाट आहे की जुना आणि फुकट म्हणून तो सगळीकडे सापडला तरी मी कोणाला सुचवणार नाही. मिश्ना, म्हणजे तालमूद ज्यावर चर्चा करतो तो जुना नियमसंग्रह, 1933 मध्ये हर्बर्ट डॅन्बी नावाच्या पाद्र्याने इंग्रजीत पूर्ण आणली, ती चांगली आहे. त्यानंतर लंडनच्या सोन्सिनो प्रेसने रब्बी (ज्यू धर्मगुरू) इसिडोर एपस्टाइन यांच्या संपादनाखाली 1935 ते 1952 असा अख्खा तालमूद आणला, मोठंच काम, पण भाषा जड आणि नवख्या माणसाला वाद कुठून कुठे चाललाय तेच कळत नाही. ती अडचण आर्टस्क्रोल या प्रकाशनाने 1990 ते 2005 मध्ये 73 खंड काढून बरीच सोडवली, पण एवढा सेट घरी घेणं सगळ्यांना थोडंच परवडतं.

आपल्याकडचं पण सांगायलाच हवं, मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी 1846 मध्येच वल्हांडण सणाला वाचायची हगादा मराठी भाषांतरासकट छापली गेली होती, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची कितीतरी पुस्तकं मराठीत आणली. ही नावं जास्त लोकांना माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

दार खरं उघडलं ते 2017 ला. रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांनी 1965 पासून 2010 पर्यंत तालमूद आधुनिक हिब्रूत आणला होता, त्यावर आधारलेलं इंग्रजी भाषांतर डेव्हिडसन फाउंडेशनच्या पैशातून सेफारिया या ज्यू ग्रंथांच्या वेबसाइटवर मोफत यायला लागलं, आणि कमाईसाठी नसेल तर कोणीही ते वापरू शकतं. त्यात मूळ शब्दांचं भाषांतर ठळक अक्षरात आणि समजावून सांगण्यासाठी घातलेले शब्द साध्या अक्षरात असतात, त्यामुळे नुसतं ठळक वाचत गेलात तर मूळ तालमूद किती तुटक बोलतो ते लगेच दिसतं.