अंतर्गत सुरक्षेतली डॉक्टरेट आली कुठून?

11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी 9 वाजून 59 मिनिटांनी अतिरेकी हल्ल्यात न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण टॉवर कोसळला. उत्तर टॉवर अजून उभा होता आणि आत अग्निशमन दलाचे जवान होते. 10 वाजून 4 मिनिटांनी पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून निरोप आला, की वरचे पंधराएक मजले लालबुंद झालेत, इमारत पडू शकते. चार मिनिटांनी एका वैमानिकाने पुन्हा बजावलं, ही फार वेळ टिकणार नाही. निरोप पोलिसांच्या रेडिओवर फिरला, पण अग्निशमन दलाच्या वरिष्ठांपर्यंत तो पोचायची सोयच नव्हती. शहराचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष त्याच संकुलातल्या सात नंबरच्या इमारतीत होता आणि तो साडेनऊच्या सुमारास रिकामा करावा लागला होता. 10 वाजून 28 मिनिटांनी उत्तर टॉवरही खाली आला. त्या दिवशी या दलाचे 343 जण गेले.

चौकशी आयोगाचा अहवाल जुलै 2004 मध्ये आला. त्यात चार प्रकारची अपयशं नोंदवली आहेत: कल्पनाशक्तीचं, धोरणाचं, क्षमतेचं आणि व्यवस्थापनाचं. पहिल्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, चौथं तसं रुक्षच. पण अमेरिकेत आज ‘डॉक्टर ऑफ मॅनेजमेंट’ ही व्यवस्थापनातली डॉक्टरेट करताना होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा, हा विषय घेता येतो, त्याची नाळ या चौथ्या अपयशाशी जुळते.

तसा संकटांवर प्रबंध लिहिण्याचा प्रकार बराच जुना. 6 डिसेंबर 1917 रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं ‘माँ ब्लाँ’ जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन फुटलं. जवळपास दोन हजार माणसं मेली. तिथले पाद्री सॅम्युअल प्रिन्स पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1920 मध्ये याच स्फोटावर त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आपत्तीचा पहिला पद्धतशीर अभ्यास म्हणून आजही याचंच नाव घेतात. हा अभ्यास उद्ध्वस्त झालेल्या गावाचा होता. मदतीला धावलेल्या यंत्रणा एकमेकींशी कशा वागतात, हा प्रश्न ऐरणीवर यायला आणखी पन्नास वर्षं लागली.

तो आला कॅलिफोर्नियातल्या वणव्यांमुळे. 1970 च्या शरद ऋतूत तेरा दिवसांत 16 जण दगावले, सातशेवर इमारती जळाल्या. मनुष्यबळ कमी नव्हतं. प्रत्येक दलाची परिभाषा वेगळी, रेडिओ वेगळे, आणि हुकूम कोणाचा चालणार यावर एकमत नाही, हे खरं दुखणं होतं. त्यातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ उभी राहिली: प्रत्येकाला एकच वरिष्ठ, एका वरिष्ठाच्या हाताखाली साधारण पाच माणसं आणि सगळ्यांना एकच शब्दावली. हे सरळ सरळ व्यवस्थापनशास्त्र झालं, फक्त ते शिकवायला आगीत उभं राहावं लागलं.

नोव्हेंबर 2002 च्या कायद्याने होमलँड सिक्युरिटी खातं जन्माला आलं. तटरक्षक दल, कस्टम्स, सीक्रेट सर्व्हिस, आपत्ती निवारणाची ‘फेमा’ अशा 22 यंत्रणा आणि पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचारी एका छपराखाली आले. संसदेच्या किमान 88 समित्या-उपसमित्यांपुढे या खात्याने हजेरी लावायची, असं आयोगानेच नोंदवलं आहे. सरकारी लेखापरीक्षकांनी 2003 मध्येच हे विलीनीकरण जोखमीच्या कामांच्या यादीत टाकलं. मग 2005 मध्ये कतरिना वादळ आलं. तेव्हा फेमाचे प्रमुख असलेल्या मायकेल ब्राऊन यांनी त्याआधी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत बरीच वर्षं काम केलं होतं, आणि हे कळल्यावर या खुर्च्यांवर बसायला नक्की काय शिकलेलं असावं, हा विषय चव्हाट्यावर आला.

शिक्षणाची सोय तोवर सुरू झाली होती. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नौदल पदव्युत्तर महाविद्यालयात 2002 मध्ये या विषयाचं केंद्र निघालं आणि जानेवारी 2003 पासून पोलीस, अग्निशमन, आरोग्य खात्यातले नोकरीतले अधिकारी तिथे एमए करू लागले, तेही केंद्र सरकारच्या खर्चाने. डॉक्टरेटचं मात्र घोडं अडलं. पीएचडीला मान्य असं शास्त्र लागतं, आणि त्याच केंद्रातल्या ख्रिस्तोफर बेलाविटा यांनी 2008 मध्ये या विषयाच्या सात निरनिराळ्या व्याख्या मांडून दाखवल्या होत्या. दहशतवाद, वादळं, साथी, सीमा, यातलं आत काय आणि बाहेर काय? त्यामुळे प्रबंध लिहिणारे लोकप्रशासन, गुन्हेशास्त्र किंवा व्यवस्थापन या शेजाऱ्यांच्या घरात राहू लागले. व्यवस्थापनाचं घर नोकरदारांना सोयीचं. कोलोरॅडो टेक्निकल युनिव्हर्सिटीसारख्या संस्थांनी डॉक्टर ऑफ मॅनेजमेंटमध्ये हा विशेष विषय ठेवला. नवा सिद्धांत मांडण्यापेक्षा आपल्या खात्यातला खरा प्रश्न संशोधनाने सोडवणं, हा तिथला रोख.

यात पैशाचाही भाग आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना किमान दहा टक्के उत्पन्न केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्याबाहेरून मिळवावं लागे. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा निधी सरकारीच, पण 2021 मध्ये बदललेला कायदा 2023 मध्ये लागू होईपर्यंत तो या दहा टक्क्यांत धरला जाई. साहजिकच लष्करातून बाहेर पडणारा माणूस ही त्यांची हक्काची गिऱ्हाइकी ठरली, आणि सुरक्षेचे अभ्यासक्रम त्याला पटकन पटत. पदवीच्या मोहाचा कहर तर खुद्द खात्यातच झाला: माहिती-तंत्रज्ञान विभागातल्या उपप्रमुख पदावरच्या अधिकाऱ्याची डॉक्टरेट वायोमिंगमधल्या एका बोगस ‘विद्यापीठा’ची निघाली. 2004 मध्ये राजीनामा द्यावा लागला. म्हणून मान्यता तपासल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असं मी विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो.

आपला संबंध येतो तो 26/11 ने. हल्ल्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्क पोलिसांचं पथक मुंबईत पोचलं. जानेवारी 2009 मध्ये त्यांचे आयुक्त रेमंड केली यांनी सिनेटच्या होमलँड सिक्युरिटी समितीपुढे त्यावर साक्ष दिली. मुंबईचे ते तीन दिवस तेव्हापासून तिकडच्या अभ्यासाचा विषय झाले आहेत. इकडे हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने बोट ठेवलं ते ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही यावर. भारतात या विषयातलं संशोधन आता गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठात होतं. 2020 च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि तिथे पीएचडीही करता येते.