डास खाणारं झाड? थोडं थांबा

‘व्हीनस फ्लायट्रॅप खिडकीत ठेवा, घरातले डास संपतील’ हा मेसेज कितीतरी पावसाळे फिरतोय. आमच्या सोलापुरातल्या शेजारच्या काकूंनीही तो वाचून रोप आणलं. डास काही कमी झाले नाहीत.

हे झाड मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलींचं. तिथल्या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून ते किडे धरतं. पोट मात्र भरतं उन्हावरच, बाकीच्या झाडांसारखं. पानाच्या आत बारीक केस असतात. साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला, की पान मिटतं. मग एक किडा पचायला आठवडा, कधी त्याहून जास्त. एक पान असं मोजक्याच वेळा चालतं. त्यात सापडतात ते मुख्यतः मुंग्या, कोळी, भुंगेरे. उडणारे किडे थोडेच. आणि पांढरी फुलं लांब देठावर, सापळ्यांपासून उंच येतात, बहुधा परागीभवन करणारे किडे वाचावेत म्हणून! मला या झाडाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच.

काकूंनी त्याला बोअरचं जड पाणी घातलं, वर चिकनचा तुकडा. पान काळं पडून कुजलं. त्याला पावसाचं पाणी लागतं, हिवाळ्यात गारवा आणि विश्रांती लागते. आपला चाळिशीपार उन्हाळा त्याला सोसत नाही.

डेंग्यूचे डास होतात ते आपण चार-पाच दिवसांसाठी भरून ठेवलेल्या पिंपांत. पिंप झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून काथ्यानं घासा, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात.