गेम अजून न आलेला कन्सोल आणि गेम येणारच नसलेला कन्सोल

नवा हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र, पहिल्या काही महिन्यांत खपेनासा झाला की ‘गेमच नाहीत’ असे म्हणून सगळे मोकळे होतात, आणि दाखला म्हणून निन्टेंडोचा थ्रीडीएस आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा यांची नावे एका दमात घेतली जातात. दोघेही २०११ मध्ये जपानच्या बाजारात आले आणि दोघेही सुरुवातीला अडखळले, इतकेच त्यांच्यातले साम्य आहे. एकाचा पडदा चष्म्याविना त्रिमिती चित्र दाखवत होता आणि दुसऱ्याचा ओएलईडी, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा, होता. या फरकावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण दोघांच्या नशिबाशी त्याचा संबंध फारच थोडा.

थ्रीडीएसपाशी गेम ‘अजून’ नव्हते. फेब्रुवारीत जपानमध्ये तो २५,००० येनांना विक्रीस आला तेव्हा त्याच्यासोबत निन्टेंडोच्या गाजलेल्या मारिओ मालिकेतला एकही मोठा गेम नव्हता. इतकेच काय, ऑनलाइन दुकानही जूनमध्ये उघडले. मात्र ते गेम निन्टेंडोच्याच स्टुडिओंत तयार होत होते. म्हणूनच ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येनांवर आणण्याला अर्थ होता. आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांना वीस जुने गेम मोफत देण्यात आले, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि वर्ष संपण्याआधी ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ व ‘मारिओ कार्ट ७’ दाखल झाले. किंमत कमी करून निन्टेंडोने मधली पोकळी भरून काढली, आणि पुढे हा कन्सोल साडेसात कोटींहून अधिक खपला.

व्हिटाचे दुखणे निराळे होते. पीएसपी या सोनीच्या आधीच्या हँडहेल्डला जपानमध्ये ज्या ‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेने तारले होते, तिचा नवा गेम व्हिटा येण्याच्या एकच आठवडा आधी थ्रीडीएसवर आला. इतर मोठे निर्माते खरेदीदारांची संख्या वाढण्याची वाट पाहत राहिले, खरेदीदार गेमची वाट पाहत राहिले, आणि सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंचे लक्ष प्लेस्टेशन ४ या टीव्हीला जोडायच्या कन्सोलकडे वळले. त्यात भर म्हणजे साधे एसडी कार्ड या कन्सोलमध्ये चालत नसे आणि पहिल्या मॉडेलमध्ये गेम साठवायला अंतर्गत जागाच नव्हती. अमेरिकेत २५० डॉलरच्या कन्सोलसाठी ३२ जीबीचे खास कार्ड १०० डॉलरना घ्यावे लागे, ही निव्वळ लूट होती असे माझे ठाम मत आहे. तरीही केवळ कार्ड स्वस्त करून व्हिटा वाचला असता, असे मला वाटत नाही.

‘मोबाइलने हँडहेल्ड संपवले’ हे पालुपद मला सर्वांत जास्त खटकते. स्मार्टफोन दोघांच्याही वाट्याला सारखेच आले होते, मग एकच कसा तरला?

सोनीने जपानमध्ये फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस व्हिटाची किंमत २४,९८० येनांवरून १९,९८० येनांवर आणली. तिथला खप वाढलाही, पण त्या कपातीमागे मारिओच्या तोडीचे काहीही येऊ घातलेले नव्हते. २०१९ मध्ये व्हिटाचे उत्पादन थांबले.