परिचर्या साहाय्यक : संवाद व नोंदी

वृद्धाश्रमात किंवा घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, शौचाला नेणे ही कामे करणाऱ्या व्यक्तीला परिचर्या साहाय्यक म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत हे काम बहुधा ब्युरोमार्फत आलेल्या मावशी १२ तासांच्या पाळीने करतात. डॉक्टर रुग्णाला काही मिनिटे पाहतात, मावशी दिवसभर. म्हणून बिघाड प्रथम तिच्याच ध्यानात येतो. मात्र तो पुढे पोहोचणे तिच्या सांगण्यावर आणि लिहिण्यावर, तसेच तिचे ऐकून घेणाऱ्यावर अवलंबून असते.

अमेरिकेत १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने या कामासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. रहिवाशाशी प्रत्यक्ष संबंध येण्याआधी त्यातले १६ तास काही ठरावीक विषयांना द्यावे लागतात. त्या विषयांच्या यादीत संवादकौशल्य पहिले आहे, संसर्गनियंत्रण त्यानंतर.

नोंदीत जे पाहिले, ऐकले, मोजले तेवढेच यावे. ‘आजोबा चिडचिड करत होते’ या वाक्यातून आजोबांच्या स्वभावावर शिक्का बसतो, हाती काही लागत नाही. ‘सकाळी १० वाजता सदरा घालताना उजवा हात वर करू दिला नाही, कण्हले’ असे लिहिले, तर परिचारिका खांदा तपासते. ‘नीट जेवल्या’ याऐवजी ‘पाव भाकरी, अर्धी वाटी वरण, पाणी १५० मिली’ असे लिहावे. महिनाभरात वजन ५ टक्क्यांनी घटणे, म्हणजे ६० किलोचे ५७ होणे, ही गंभीर बाब मानली जाते आणि तिची चाहूल अशाच वाट्यांच्या हिशेबातून लागते.

काम झाल्यावर लगेच वेळ घालून लिहावे. चुकल्यास एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती व सही करावी. मूळ अक्षर वाचता आले पाहिजे. ‘दर २ तासांनी कूस बदलली’ हे रकाने पाळी संपताना एका दमात भरणे ही सर्वांत घातक सवय आहे. एकाच कुशीवर पडून माकडहाडापाशी कातडी लाल होत असते, म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात, आणि कागदावर सारे ठीक असते.

रुग्णाचा शब्द बदलू नये. ठणका, चमक, कळ, आग, मुंग्या, कसकस ही दुखण्याची वेगवेगळी रूपे आहेत. ‘दुखते’ एवढेच लिहिले की तो फरक पुसला जातो. ‘जीव घाबरा होतोय’ याचे ‘घाबरल्या आहेत’ असे करणे तर धोक्याचे, कारण त्यामागे हृदयाचा त्रास किंवा रक्तातील साखर उतरणे असू शकते. तक्ता इंग्रजीत छापलेला असला तरी मावशीला मराठीत लिहू द्यावे. मोडक्या इंग्रजीतल्या एका शब्दापेक्षा तिची मराठीतली ओळ डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

स्मृतिभ्रंश बळावलेल्यांना अनेकदा दुखणे सांगता येत नाही. त्यांच्यासाठी २००३ मध्ये एक वेदनामापन पद्धत प्रसिद्ध झाली. तीत श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे या ५ गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. बोलताना समोर, डोळ्यांच्या पातळीवर यावे. चष्मा आणि श्रवणयंत्र आधी लावावे. संबोधनही महत्त्वाचे. जन्मभर शाळेत ‘बाई’ म्हणवून घेतलेली स्त्री ‘आजी’ला ओ देत नाही, पण ‘बाई’ म्हटले की मान वळवते. डायपर बदलताना ‘अहो’वरून ‘अगं’वर येणे माणसाला लागते, स्मृती गेलेल्यालाही.

पाळी बदलताना तोंडी निरोप रुग्णाच्या खाटेपाशी द्यावा. अमेरिकेतील ‘स्टॉप अँड वॉच’ या कार्डावर साहाय्यकाने खुणा करायची १२ लक्षणे आहेत. कमी बोलणे, कमी खाणे, ३ दिवस शौच न होणे ही त्यांतली काही. पहिले लक्षण मात्र एवढेच : नेहमीपेक्षा वेगळे वाटणे. मावशीचे ‘आज काहीतरी बरं दिसत नाही’ हे वाक्य त्या कार्डाने नोंदण्याजोगे मानले आहे. ते ऐकल्यावर परिचारिकेने विचारायचे : कालपेक्षा काय वेगळे?