उंच बॉनेटची कमॅरो आणि अडणारे वायपर

१९६९ साली अमेरिकेच्या शेव्हर्ले कंपनीने आपल्या कमॅरो या मोटारीसाठी एक ज्यादा पैशांचं बॉनेट आणलं. मधोमध उंचवटा, आणि त्या उंचवट्याचं तोंड पुढे नाही तर मागे, काचेकडे. हवा समोरून येत असताना तोंड मागे कशाला? धावत्या गाडीत बॉनेटवरून सरकणारी हवा काचेच्या पायथ्याशी अडते, तिथे दाब वाढतो, आणि इंजिनला तिथली थंड हवा घेता येते. पुढे या बॉनेटच्या फायबरमधल्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या, प्रती निघाल्या, उंचवटा दोन इंचांपासून चार इंचांपर्यंत. अमेरिकेत जुनी कमॅरो नव्याने उभी करणारे त्या हौसेने बसवतात. अडचण एवढीच, की जिथे हवा तुंबते तिथेच वायपरही विसावतात.

ही अडचण सोडवताना बहुतेक जण वायपरपासून सुरुवात करतात. बॉनेटपासून करायला हवी. मूळ बॉनेट पोलादी होतं आणि बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा ते वजन पेलण्यासाठी होत्या. फायबरचं बॉनेट कितीतरी हलकं. पुढची कडी त्याला खाली धरते, मागून स्प्रिंगा वर ढकलत राहतात आणि मधला पत्रा कमानीसारखा वाकतो. बघणाऱ्याला मागचे कोपरे पाच-दहा मिलिमीटर उचललेले दिसतात. ‘साचाच वाईट’ म्हणून कड घासायला घेतली की संपलं. हलक्या स्प्रिंगा घाला, किंवा स्प्रिंगा काढून टेकूचा दांडा वापरा. बॉनेट बहुतेकदा आपसूक बसतं. उरलेला फरक बिजागरीच्या बोल्टखाली पातळ पट्ट्या घालून काढावा. इंजिन चार-सहा वेळा पूर्ण तापवून पुन्हा मोजावं, कारण नवं फायबर उष्णतेने थोडंसं आकार बदलतं.

उभ्या गाडीतलं माप मात्र वेगात टिकत नाही. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणारी हवा पूर्ण थांबवली तर तिचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. बॉनेटच्या मागच्या पट्टीवर वर-खालच्या दाबात याच्या एक तृतीयांश फरक पडला असं धरलं, आणि पट्टीचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर मानलं, तरी चार किलोच्या वर जोर येतो. ढिली फायबरची कड तेवढ्याने सहज हलते. म्हणून कड आणि वायपरचा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, यांत किमान सहा ते आठ मिलिमीटर मोकळी जागा हवी. मोजायला लहान मुलांची क्ले सगळ्यात सोयीची: आर्मवर गोळा चिकटवायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद, बॉनेट हलकेच बंद करायचं, उघडून दबलेल्या गोळ्याची जाडी बघायची.

आता वायपर. ब्लेड आणि आर्म काढून ठेवा, वायपर चालू करा आणि डॅशबोर्डवरच्या बटणानेच बंद करा. चावी फिरवून नव्हे. चावीने वीज गेली की मोटर असेल तिथे थांबते. बटणाने बंद केली तर मोटरमधला पार्किंगचा संपर्क चालू राहतो आणि क्रँक, म्हणजे मोटरने फिरणारा छोटा हात, ठरलेल्या जागी आल्यावरच तुटतो. ती जागा म्हणजे आपला शून्य. मोटर रबरी बुशिंगवर (गादीवर) बसते, त्यामुळे तिला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लागते. रंगकामात ही पट्टी हरवली किंवा तिच्याखाली रंग राहिला, तर वायपर कुठेही थांबतो आणि दोष उगाच बॉनेटवर येतो.

काही गाड्यांत वायपर बंद झाल्यावर बॉनेटच्या आड लपतात. चालू असताना ब्लेड कडेच्या वरूनच परततं. बंद करताना मोटरच्या गिअरबॉक्समधला विकेंद्री (मध्यापासून सरकलेला) भाग क्रँकची जागा सरकवतो आणि ब्लेड आणखी खाली उतरतं. नव्या बॉनेटची कड काचेकडे जास्त आली असेल तर अडतं ते नेमकं या शेवटच्या उतरणीत. चालताना सगळं सुरळीत, बंद केलं की ‘टक्’: असा आवाज आला तर मोटर उघडू नका, कड तपासा.

आर्म ज्या दांड्यावर बसतो त्यावर बारीक दाते असतात. दाते ७२ असतील तर एक दात म्हणजे पाच अंश, आणि या दांड्यापासून ४० सेंटिमीटरवर ब्लेड साडेतीन सेंटिमीटर सरकतं. म्हणजे दात बदलणं हे ढोबळ काम. बारीक जुळणी होते ती काचेखालच्या जाळीआड, लिंकेजचा (मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या जोडणीचा) दांडा मोटरच्या क्रँकला धरणाऱ्या दोन नटांपाशी. आणि दात बदलल्याने झाडण्याचा कोन कमी होत नाही, सगळी कमान सरकते. खाली जेवढं वाचवलं तेवढं ब्लेड वर, ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाकडे जातं.

इथे खूप जण फसतात. कोरड्या काचेवर, मंद वेगात जुळणी केलेली असते. ओल्या काचेवर घर्षण घटतं, वेगात आर्मचा संवेग वाढतो आणि लिंकेजच्या सांध्यांतल्या जुन्या बुशिंगमधली ढिलाई दोन्ही टोकांना भर घालते. ब्लेड ठरल्यापेक्षा पुढे जातं. तेव्हा आधी बुशिंगं बदला, मग काच पाईपने भिजवत ठेवून सर्वात जलद वेगावर पाहा. दोन्ही टोकांच्या खुणा मास्किंग टेपने काचेच्या बाहेरच्या बाजूला, ब्लेडच्या वाटेत न येता, करा.

जागा नाही म्हणून आर्म वाकवणं हा सगळ्यात वाईट उपाय. ब्लेडचं रबर काचेवर उभं नसतं. दर फेरीला ते उलट्या बाजूला कलतं आणि मागून ओढलं जातं. आर्मला पीळ पडला की एका दिशेला रबर कलत नाही, ढकललं जातं, आणि धक्के देत उड्या मारतं. दाबही मोजावा: आर्मचं टोक तराजूच्या हुकाने काचेपासून जेमतेम उचलायचं. लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण ११ ग्रॅम हा जुना ठोकताळा, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या ब्लेडला ४४० ग्रॅमच्या आसपास.

कड कापायचीच वेळ आली तर एकदम नको, दोन-दोन मिलिमीटर. वरचा आणि आतला थर जिथे चिकटवलेला असतो तिथपर्यंत गेलात तर बॉनेट उकलतं. कापलेल्या धारेला रेझिन लावून ती बंद करावी, नाहीतर तंतूंमधून पाणी शिरतं. काचतंतूची धूळ उडते, मास्क हवाच.

लपणारे वायपर असतील तर ब्लेड अर्ध्यात थांबलेलं असताना बॉनेट उचलू नका. उघडताना मागची कड आर्मला भिडू शकते, आणि फायबरवर पहिला टवका तिथेच उडतो.