टॉर्क कन्व्हर्टर अपग्रेड

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला जो गोल पोलादी डबा असतो, तो काढून इंजिनाच्या वाढलेल्या ताकदीला साजेसा दुसरा डबा बसवणे, याला टॉर्क कन्व्हर्टर अपग्रेड म्हणतात. रीमॅप केलेल्या (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदललेल्या) किंवा मोठा टर्बो बसवलेल्या गाडीत मूळ कन्व्हर्टर दोन प्रकारे कमी पडतो. एकतर सुटताना इंजिन जोरात येण्याआधीच तो त्याला दाबून धरतो, नाहीतर वेगात असताना त्याचा लॉकअप क्लच, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना थेट बांधणारा आतला क्लच, घसरू लागतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे औषधही वेगळे आहे.

पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी उचलणारा पंप ज्याने कधी खोलून पाहिला आहे, त्याला कन्व्हर्टर समजायला वेळ लागत नाही. पंपाचा इंपेलर पाणी मध्यातून ओढून कडेला फेकतो. कन्व्हर्टरचा इंपेलर बाहेरच्या कवचालाच जोडलेला असतो, इंजिनाबरोबर फिरतो आणि ट्रान्समिशन ऑइल तसेच कडेला फेकतो. समोर तोंड करून बसलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर ते आदळते, आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. दोघांच्या मधोमध असतो स्टेटर. टर्बाइनमधून परतणारे तेल उलट्या दिशेने येते. स्टेटर त्याला वळवून इंपेलरला साथ देईल असे सोडतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो तो इथे. गाडी जागेवरून हलताना हा गुणाकार साधारण दुप्पट, काही रचनांत अडीचपटही असतो. टर्बाइनचा वेग इंपेलरच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला, की स्टेटर एकेरी (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या) क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि गुणाकार संपतो. पुढे लॉकअप क्लच इंपेलर व टर्बाइन एकमेकांना बांधून घसर बंद करतो.

ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. त्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्यापुढचा प्रश्न जहाजांचा होता: वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, पंख्याला मात्र संथ फिरायचे असते. मोटारींमध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लोने १९४८ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणला. पुढच्याच वर्षी पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकमध्ये त्याला लॉकअपची जोड मिळाली.

स्टॉल स्पीड

अपग्रेडची सगळी चर्चा या एका आकड्याभोवती फिरते, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. टर्बाइन रोखून धरली असताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढू शकते, तो स्टॉल स्पीड. रोजच्या वापराच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो दोन हजारांच्या आसपास असतो. कमी स्टॉलचा कन्व्हर्टर 'टाइट', जास्त स्टॉलचा 'लूज'. टर्बो गाडीला थोडा लूज कन्व्हर्टर मानवतो, कारण सुटण्यापूर्वीच इंजिनाला वर चढून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, बांधता येतो.

मात्र हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. इंपेलरला फिरायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २५० न्यूटन मीटरच्या इंजिनामागे जो कन्व्हर्टर २००० आरपीएमला थांबतो, तोच ३६० न्यूटन मीटरच्या इंजिनामागे २४०० पर्यंत जाईल. टॉर्क ४४ टक्क्यांनी वाढला की स्टॉल २० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे रीमॅप केलेल्या गाडीचा मूळ कन्व्हर्टर काही न करताच पूर्वीपेक्षा लूज झालेला असतो. दुसऱ्याच्या गाडीवरचा आकडा ऐकून तसाच डबा मागवणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल शिवून घेणे. ते कोल्हापुरात तरी कोणी करू नये.

व्यासाचा परिणाम तर फारच मोठा. पात्यांची रचना तीच ठेवली, तर टॉर्क पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलते. २८० मिलिमीटरचा कन्व्हर्टर २५० चा केला, तर क्षमता मूळच्या ५७ टक्क्यांवर येते आणि त्याच टॉर्कला स्टॉल जवळजवळ एक तृतीयांशाने चढतो. स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलूनही स्टॉल हलवता येतो. कसबी कारागीर आधी तिकडे पाहतो.

आतली मजबुती

लेथवर कवचाचा वेल्ड कापून डबा उघडला, की गाडी कशी चालवली गेली ते समोर येते. निरोगी तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असते, जळलेले तपकिरी, करपट वासाचे. लॉकअपचे अस्तर झिजले असेल तर पात्यांच्या खाचांत काळा गाळ बोटाला लागतो. मजबूत कन्व्हर्टरमध्ये पाती नुसती खाचेत वाकवून न बसवता भट्टीत ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या दुसऱ्या धातूने सांधून, पक्की केलेली असतात. साध्या वॉशरच्या जागी नीडल बेअरिंग, कठीण केलेला टर्बाइन हब, जाड पुढचे कवच आणि एकाऐवजी दोन-तीन चकत्यांचा लॉकअप क्लच असतो. पुढचे कवच पातळ असेल तर दाबाखाली डबा फुगतो आणि त्याचा रेटा थेट इंजिनाच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. काम झाल्यावर डबा वेल्ड करून बॅलन्स करावाच लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेले सराईत हात पुष्कळ आहेत, पण आतली मोकळीक मोजून जुळवणे हे ज्याने हेच काम केले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

उष्णता

माझ्या मते कोल्हापूरच्या माणसाने स्टॉलपेक्षा या भागाचा विचार जास्त करावा. घसर म्हणजे उष्णता. समजा, इंजिन २५०० आरपीएमला २०० न्यूटन मीटर देत आहे. ही सुमारे ५२ किलोवॅट ताकद झाली. टर्बाइन निम्म्या वेगाने फिरत आहे आणि टॉर्क दीडपट होतो आहे, तर पुढे पोहोचते ७५ टक्के. उरलेले १३ किलोवॅट तेलात मुरतात, म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे सहा गिझर त्या डब्यात एकदम चालू. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या पट्ट्यावर, हे काही सेकंदांत संपते. गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जायचे, किंवा वैभववाडीकडून करूळ घाट चढायचा, तर लॉकअप सुटलेलाच राहतो आणि लूज कन्व्हर्टर सतत घसरतो. तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असते. त्यावर जितके तापेल तितके त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून वेगळा ऑइल कूलर आणि तेलाचे तापमान दाखवणारा काटा हे या अपग्रेडचेच भाग समजावेत. पुणे-बंगळूर महामार्गावर मात्र लॉकअप लागलेला असतो, तिथे कूलरला फारसे काम नसते.

बसवणे

कन्व्हर्टर बसवण्यापूर्वी त्यात साधारण लिटरभर तेल ओततात, म्हणजे पहिल्या स्टार्टला बेअरिंग कोरडी फिरत नाहीत. मग डबा हाताने फिरवत आत ढकलायचा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तो टप्प्याटप्प्याने बसतो: टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते, शेवटी ऑइल पंपाची खाच. तीन वेळा 'खट' लागले पाहिजे. दोनच लागले आणि बोल्टने जबरदस्तीने ओढून घेतले, तर गिअरबॉक्सचा पंप फुटतो. पूर्ण बसलेल्या डब्यात आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाच्या शाफ्टवरची पातळ चकती, जिला डबा बोल्टने जोडतात) कंपनीने दिलेले, बहुधा तीन ते पाच मिलिमीटरचे अंतर राहते. ते मोजल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नये.

आजच्या गाड्यांत काम इथे संपत नाही. गिअरबॉक्सचा संगणक लॉकअपची घसर सतत मोजत असतो. नवा डबा त्याच्या हिशेबात बसला नाही, तर तो बिघाड नोंदवतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी ताकद आणि गिअर मर्यादित करून, चालते. नव्या डब्यानुसार संगणकाचे कॅलिब्रेशन (जुळवणी) केलेले नसेल तर साठ-सत्तरच्या वेगात गाडी खरखरीत पट्ट्यांवरून जावी तशी थरथरते. स्टॉलची चाचणी घेताना ब्रेक घट्ट दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे.

कोणत्या गाड्यांना

खर्च ठरवण्याआधी गाडीत कन्व्हर्टर आहे का, हे बघावे. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने हलवणाऱ्या) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गाड्यांत तो नसतोच. एकाच मॉडेलमध्येही फरक असतो: स्कोडा स्लाव्हियाच्या १.० टीएसआयला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, १.५ टीएसआयला ड्युअल क्लच. महिंद्राच्या थार व एक्सयूव्ही७००, तसेच झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असलेल्या बीएमडब्ल्यू गाड्या कन्व्हर्टरवाल्या. तयार अपग्रेड आपल्याकडे क्वचित मिळतो. बहुधा परदेशातून मागवावा लागतो किंवा मूळ डबाच उघडून मजबूत करावा लागतो.

वॉरंटी जाते, हे धरूनच चालावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करण्यावर बंधन घालते, आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. काढलेला मूळ कन्व्हर्टर भंगारात देऊ नये. तेल निथळून, हबचे तोंड प्लास्टिकने बांधून तो कोरड्या जागी आडवा ठेवावा. गाडी विकताना गिऱ्हाईक तो हटकून मागते.